सदतीसला एक

संग्रह करणारी माणसे आपली छोटी इंजिने सहसा देशाप्रमाणे लावतात. एक फळी जर्मनीची, एक स्वित्झर्लंडची, एक अमेरिकेची. कोणी कंपनीप्रमाणे लावतात, कोणी मापाप्रमाणे. माझ्या कपाटात वरची फळी घाटाच्या इंजिनांची आहे, मधली मेल-एक्स्प्रेस ओढणाऱ्यांची आणि खालची यार्डात रिकामे डबे इकडून तिकडे करणाऱ्यांची. त्यामुळे स्विस 'मगरी'च्या शेजारी इंग्लंडचे कोळसा ओढणारे इंजिन उभे आहे आणि त्याला खेटून जर्मनीचे हिरवे बँकर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणारे इंजिन. मला हीच मांडणी पटते. माझी सगळी नोकरी कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये फिटर म्हणून गेली. तिथे नवे इंजिन पिटवर आले की ते कुठल्या कारखान्याचे हे कोणी विचारत नसे. घाटाचे की मेलचे, एवढाच प्रश्न. त्यावरून काय झिजलेले असणार, कुठे आधी हात घालायचा, हे निम्मे कळून जाई.

मी ॲप्रेंटिस म्हणून लागलो ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी. तेव्हा शेडमध्ये तीन पिढ्या एकत्र नांदत होत्या. इंग्लिश इलेक्ट्रिक आणि हिताचीची डब्ल्यूसीएम इंजिने, चित्तरंजनला बनलेली डब्ल्यूसीएम-५ आणि घाटात मालगाड्या ढकलणारी डब्ल्यूसीजी-२, आणि या सगळ्यांत म्हातारे, चाकांना बाहेरून लोखंडी रॉड जोडलेले डब्ल्यूसीजी-१. त्याला सगळे 'खेकडा' म्हणत. उभ्या उभ्या ते कण्हल्यासारखा आवाज करी आणि चालू लागले की रॉडांचा सपसप असा वेगळाच नाद येई. माझ्या वेळेपर्यंत घाटातले काम त्याच्याकडून निघून गेले होते. मुंबईला व्हीटीच्या, म्हणजे आताच्या सीएसएमटीच्या, यार्डात रिकामे रेक ओढणे एवढेच उरले होते. तरी शेडमधले जुने मिस्त्री त्याच्याजवळ गेले की चालण्याची गती कमी करत.

आमच्या मिस्त्रींनी मला पहिला धडा त्याच इंजिनावर दिला. यार्डातून आलेल्या खेकड्याच्या साइड रॉडच्या बेअरिंगवर त्यांनी माझा हात ठेवला आणि म्हणाले, "पोरा, दहापर्यंत मोज. हात ठेवता आला तर ठीक. काढावासा वाटला तर तेल पोचत नाहीये, खोल." थर्मामीटर, गेज हे सगळे नंतर आले. सहाही चाकजोड्यांचे बेअरिंग एकामागून एक असे हाताने तपासत जाताना त्या इंजिनाची रचना माझ्या अंगात उतरली. एका बोगीवर तीन चाकजोड्या, तिन्ही एकाच रॉडने बांधलेल्या, त्यामुळे एक चाक एकटे घसरू शकत नाही. घसरायचे तर तिघांना मिळून घसरावे लागते. मोटारी चार, एकेका बोगीच्या वर पुढच्या लांब नाकाडात दोन-दोन बसवलेल्या. मधला भाग वेगळा. वळणावर नाकाड बोगीबरोबर वळते, मधली कॅब आपल्या जागी राहते. त्या काळी एवढ्या ताकदीची मोटार चाकांच्या मधल्या अरुंद जागेत मावत नव्हती, म्हणून ती वर ठेवून गिअर आणि रॉडमधून ताकद खाली आणलेली.

हे इंजिन इथे का आले, हे समजायला घाट समजावा लागतो. बोरघाटात कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत आणि थळघाटात कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत रूळ सदतीसला एक या चढाने वर जातो. सदतीस फूट पुढे गेलात की एक फूट वर. रस्त्यावरच्या माणसाला हा चढ किरकोळ वाटेल. लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर तो किरकोळ नसतो. बोरघाटाची लाइन १८६३ साली सुरू झाली आणि थळघाटाची १८६५ साली, तेव्हा दोन्हीकडे वाटेत रिव्हर्सिंग स्टेशन होते. गाडी तिथे जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट दिशेने वर निघायची. थळघाटातले ते स्टेशन आधी गेले, बोरघाटातले १९२९ मध्ये, विजेबरोबर. वाफेच्या इंजिनांना कोळसा लागे आणि कोळसा बंगाल-बिहारकडून शेकडो मैल यायचा. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने वीज आणायची ठरवली त्याला मुंबईची लोकल गर्दी हे एक कारण, घाट हे दुसरे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली. १५०० व्होल्ट, डीसी. पुढे पाच वर्षांत तारा कल्याण ओलांडून पुण्याला आणि इगतपुरीला पोचल्या. रेल्वेने ठाकुर्लीला स्वतःचे वीजघर बांधले. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली, ती या तारांच्या जिवावर.

मालगाड्यांसाठी जी एकेचाळीस इंजिने आली ती म्हणजे हेच खेकडे, तेव्हाचे नाव ईएफ-१. २६०० अश्वशक्ती. विजेचा सरंजाम मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचा. यांत्रिक भाग बहुतेक इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने केले, पण पहिली दहा स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावी, स्विस लोकोमोटिव्ह अँड मशीन वर्क्समध्ये बनली. नीलगिरीच्या डोंगरात दात्यांच्या रुळावरून चढणारी वाफेची इंजिने ज्या कारखान्याची, तोच हा.

विंटरथूरचे नाव मी शेडमध्ये कधी ऐकले नव्हते. ते कळले फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलेल्या एका जर्मन कॅटलॉगमुळे. मार्कलिन कंपनीच्या खेळण्यातल्या रेल्वेचा कॅटलॉग. भाषा येत नव्हती, पण एका पानावर हिरव्या रंगाचे एक इंजिन होते: मध्ये कॅब, दोन्ही बाजूंना लांब उतरती नाकाडे, चाकांना बाहेरून रॉड. मी ते पान दुसऱ्या दिवशी शेडमध्ये नेले. जेवणाच्या सुट्टीत ते हातोहात फिरले आणि ज्याने त्याने एकच शब्द उच्चारला, "खेकडा!" जो तो रॉडवर बोट ठेवून दाखवत होता. मॉडेल जमवण्याचा माझा नाद त्या पानापासून सुरू झाला, आणि सुरुवातीपासून तो या एका प्रश्नाभोवती फिरत आला: इतक्या लांब, इतक्या वेगळ्या डोंगरात, हे इंजिन आमच्या इंजिनासारखे का?

उत्तर मिळायला बरीच वर्षे गेली, कारण तेव्हा इथे माहिती मिळवणे सोपे नव्हते. ते हिरवे इंजिन म्हणजे स्विस फेडरल रेल्वेचे सीई ६/८-२. लोकांनी दिलेले नाव 'क्रोकोडिल', मगर. १९१९ पासून ती तेहतीस बनली, पुढे सुधारित रूपात आणखी अठरा. यांत्रिक भाग विंटरथूरचा, विजेचा भाग अर्लिकॉनचा. काम एकच, गॉटहार्डच्या घाटातून मालगाड्या वर न्यायच्या. गॉटहार्डचा बोगदा १८८२ मध्ये सुरू झाला, लांबी पंधरा किलोमीटर. तिथवर पोचायला दोन्ही बाजूंनी जो चढ आहे तो हजाराला सव्वीस-सत्तावीस. मी कागदावर हिशेब केला. हजाराला सत्तावीस म्हणजे सदतीसला एक.

बोरघाट आणि गॉटहार्ड, एकाच तिरपेपणाचे. दोघांकडे कोळसा नाही. स्वित्झर्लंडला तो बाहेरून आणावा लागे आणि पहिल्या महायुद्धात तो मिळेनासा झाला, म्हणून त्यांनी विजेची घाई केली. दोघांकडे वळणे कडक. तेव्हाच्या मोटारी सारख्याच अवजड. आणि उत्तर शोधणाऱ्या कारखान्यांपैकी एक दोघांचाही. सगळे धागे एकाच कारखान्याच्या दारात आल्यावर इंजिने एकमेकांसारखी दिसली नसती तरच आश्चर्य. आकार कुठल्या चित्रकाराच्या डोक्यातून निघाला नव्हता, चढाने तो ठरवला होता. मी माझ्या फळ्या कामाप्रमाणे लावल्या त्या या हिशेबानंतर.

सारखेपणाबरोबर फरकही पाहायला हवा. मगरीला पुढे-मागे एकेक छोटी मोकळी चाकजोडी आहे, खेकड्याला नाही. मगरीच्या तारेत १५,००० व्होल्ट एसी, म्हणून तिच्या मधल्या भागात अवजड ट्रान्सफॉर्मर. खेकड्याला १५०० व्होल्ट डीसी थेट मिळतो, म्हणून त्याच्या पोटात रेझिस्टन्सच्या जाळ्या. गाडी निघताना मोटारी एकापुढे एक जोडायच्या, मध्ये रेझिस्टन्स ठेवायचे आणि ड्रायव्हर एकेक नॉच घेत जाईल तसे ते काढत जायचे. घाटात जड गाडी घेऊन एखाद्या मधल्याच नॉचवर फार वेळ राहिले की त्या जाळ्या लाल होतात. अशी भाजलेली ग्रिड मी हाताने बदललेली आहेत. त्यांचा वास कपड्यांतून दोन धुण्यांनीही जात नसे. दोन्ही इंजिनांत एक गोष्ट मात्र पुन्हा सारखी, आणि तीही घाटानेच शिकवलेली: उतरताना मोटारीला जनरेटर करून गाडी आवरायची आणि तयार झालेली वीज तारेत परत द्यायची. उतरणाऱ्या गाडीची वीज चढणाऱ्या गाडीच्या कामी यावी हा विचार शंभर वर्षांपूर्वीचा आहे, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगे.

मार्कलिनने एचओ मापातली, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची मगर १९४७ मध्ये काढली. माझ्याकडे आहे ते त्यानंतरचे, ३०१५ या क्रमांकाचे मॉडेल. माझा भाचा स्टुटगार्टला नोकरीला आहे, त्याने तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून आणले. आणून देताना म्हणाला, "मामा, चालत नाहीये, पण तुम्ही चालवाल." सगळे अंग ओतीव धातूचे, त्यामुळे हातात घेतले की इंजिन घेतल्यासारखे वाटते. चालत नव्हते कारण उघड होते. जुन्या मार्कलिन मोटारीला सपाट तबकडीसारखा कॉम्युटेटर असतो आणि त्यावर दोन ब्रश टेकतात, एक कार्बनचा, दुसरा तांब्याच्या बारीक जाळीचा. दोन्ही झिजून गेले होते आणि कॉम्युटेटरच्या फटींत काळी पूड दाबून बसली होती. मी भिंग लावले, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या सुती चिंधीने तबकडी पुसली, सुईसारख्या बारीक लाकडी काडीने फटी साफ केल्या. ट्रॅक्शन मोटारीवर आम्ही हेच करत असू, फक्त तिथे ब्रश विटेच्या तुकड्याएवढा, कॉम्युटेटर परातीएवढा आणि फटी साफ करायला वेगळे हत्यार. दोन्हीकडे धोका एकच. पूड राहिली तर एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर ठिणगी उडी मारते. मोठ्या मोटारीत त्याला फ्लॅशओव्हर म्हणतात आणि तो झालेली मोटार उघडली की आत तांबे वितळून थेंब थेंब जमलेले दिसते.

ब्रश बदलले, चाकांच्या गिअरवर तेलाचा एकेक थेंब सोडला, ट्रान्सफॉर्मरची मूठ फिरवली. मगर निघाली. चाकांचे रॉड वर-खाली होऊ लागले तेव्हा मी मान खाली घालून, डोळा रुळाच्या पातळीला आणून बघत बसलो. मॉडेलमध्ये रॉड केवळ शोभेसाठी फिरतात, ताकद गिअरमधूनच जाते. तरी तो कोन बरोबर पकडला आहे. जॅकशाफ्ट, म्हणजे मोटारीची ताकद रॉडकडे देणारा आस, आणि चाके एकत्र बांधणाऱ्या रॉडची ती अवघड जोडणी छोट्या ओतीव कामात आणणाऱ्याने खरे इंजिन जवळून पाहिले असणार. पुढच्या अठरा मगरींत विंटरथूरने हीच जोडणी सोपी करून तिरप्या रॉडवर आणली. फिटरला कळते असे का केले असेल: कमी सांधे, कमी बेअरिंग, कमी तेल.

संग्राहकांमध्ये न उघडलेल्या खोक्याला मोठा मान आहे. खोके जितके कोरे तितकी किंमत जास्त. मला हे मान्य नाही. इंजिन चालण्यासाठी असते, मग ते वीस सेंटिमीटरचे का असेना. तेल सुकते, ग्रीस चिक्कीसारखे घट्ट होते आणि न चालवलेली मोटार चालवलेल्या मोटारीपेक्षा लवकर खराब होते. माझ्याकडची सगळी इंजिने महिन्यातून एकदा रुळावर येतात. प्रत्येकाचे एक कार्डही आहे. शेडमध्ये प्रत्येक इंजिनाची हिस्ट्री बुक असायची: कधी आले, कुठली मोटार कधी बदलली, कुठे फेल झाले, कोणी दुरुस्त केले. तशीच ही कार्डे. मॉडेलची दुरुस्ती एका बाजूला, खऱ्या इंजिनाची हकीकत दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू कोरी असेल तर ते मॉडेल मी फळीवर चढवत नाही, टेबलावरच राहू देतो.

कार्डे लिहिता लिहिता एक नाते उलगडले जे मला शेडमध्ये कोणी सांगितले नव्हते. १५०० व्होल्ट डीसी ही केवळ मुंबईची गोष्ट नव्हती. त्याच व्होल्टेजवर फ्रान्स होता, नेदरलँड्स होता आणि इंग्लंडमध्ये मँचेस्टर ते शेफील्ड हा वुडहेडचा डोंगरी मार्ग होता. वुडहेडची ईएम-१ इंजिने कोळशाच्या गाड्या ओढत. विजेचा सरंजाम त्याच मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचा. वर्स्बरोच्या चढावर, जो चाळीसला एक आहे, गाडीला पुढे दोन आणि मागे दोन इंजिने लागत. कर्जतला बँकर लागताना पाहिलेल्या माणसाला यात काहीच परके नाही. त्या मार्गाचे पहिले इंजिन १९४१ मध्ये तयार झाले, पण युद्धामुळे तारा अर्धवट होत्या, म्हणून १९४७ मध्ये ते नेदरलँड्सला उसने दिले. तिथल्या लोकांनी त्याला 'टॉमी' म्हणायला सुरुवात केली आणि घरी परतल्यावर तेच नाव त्याच्यावर कायम झाले. १९५४ मध्ये नवा बोगदा होऊन मार्ग पूर्ण विजेवर आला आणि १९८१ च्या जुलैमध्ये बंद झाला. सत्तावीस वर्षे. त्याआधीच, १९६९ मध्ये, त्यांची सात वेगवान ईएम-२ इंजिने नेदरलँड्सने विकत घेतली आणि त्यांतली सहा पुढे बरीच वर्षे प्रवासी गाड्यांना लावली. व्होल्टेज जुळत होते ना! माझ्या मधल्या फळीवर ट्राय-अँगचे जुने 'इलेक्ट्रा' आहे, ते त्या सातांपैकी एक. प्लॅस्टिकचे अंग, ढोबळ काम, पण कार्ड भरगच्च.

त्याच फळीवर फ्रान्सचे सीसी ७१०७ आहे. मार्च १९५५ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या लांद भागात या इंजिनाने ताशी ३२६ आणि बीबी ९००४ ने ताशी ३३१ किलोमीटर वेग गाठला. आमच्यासारख्याच १५०० व्होल्ट डीसीच्या मार्गावर. पँटोग्राफ वितळला, रूळ हलले. तारेतून तेवढ्या वेगाने तेवढा करंट ओढायचा म्हणजे पँटोच्या पट्टीवर काय होत असेल, हे झिजलेल्या पट्ट्या रोज बदलणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. डीसीमध्ये व्होल्टेज कमी म्हणून करंट जास्त. आमच्या तारा जाड असत आणि पट्ट्या लवकर जात.

अमेरिकेचे जीजी-१ मात्र एसीचे, ११,००० व्होल्टचे. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने १९३४ ते १९४३ या काळात एकशे एकोणचाळीस बनवली. पहिल्याचे अंग रिव्हेटने जोडलेले होते. डिझायनर रेमंड लोवी यांनी अंग वेल्ड करायला सांगितले, त्यामुळे ते गुळगुळीत झाले आणि त्यावर पाच सोनेरी रेघा आल्या. सगळे जण या इंजिनाच्या देखणेपणाबद्दल बोलतात. माझ्या कार्डावर सर्वांत लांब नोंद आहे ती फेब्रुवारी १९५८ च्या बर्फाची. पिठासारखा बारीक बर्फ हवा खेचणाऱ्या खिडक्यांच्या जाळीतून आत शिरला, मोटारींपर्यंत जाऊन वितळला आणि इन्सुलेशन गेले. बरीच इंजिने एकदम बंद पडली. पुढे त्यांच्या हवेच्या वाटा वर घ्याव्या लागल्या. हे वाचताना मला खंडाळ्याचे धुके आणि जुलैमधले कल्याण आठवले. पावसाळ्यात घाटातून आलेल्या इंजिनाच्या मोटारीचे मेगर, म्हणजे इन्सुलेशनची मोजणी, घेतले की काटा वर चढायलाच तयार नसे. गरम हवा सोडून मोटार वाळवायची, पुन्हा मेगर घ्यायचे, पुन्हा वाळवायची. रात्रपाळीत हेच चाले. पाणी असो की बर्फ, मोटारीचा शत्रू हवेबरोबर आत येतो.

भाच्याकडे गेलो होतो तेव्हा मी त्याला एकच जागा दाखवायला सांगितली, गाइसलिंगेन. मार्कलिनचे गाव ग्योपिंगेन. त्याच लाइनवर थोडे पुढे गाइसलिंगेनचा घाट लागतो, तो साधारण चव्वेचाळीसला एक. १९४० पासून बनलेली ई-९४ इंजिने, तीही लांब नाकाडांची आणि त्यांनाही 'जर्मन मगर'च म्हणतात, या घाटात गाड्या ढकलत. त्यांच्यापैकी एकाचे मॉडेल माझ्या वरच्या फळीवर आहे. म्हणजे जगातली सर्वांत नावाजलेली खेळण्यातली इंजिने ज्या गावात बनतात, तिथल्या कामगारांना बँकर काय असते ते सांगायची गरज नव्हती. मी फलाटावर बराच वेळ थांबलो. मालगाडी आली, सायडिंगमधले इंजिन हळूच मागे येऊन बफरला टेकले. मी वाट बघत होतो की आता माणूस उतरून कपलिंग लावेल. कोणी उतरले नाही. गाडी तशीच निघाली, मागचे इंजिन नुसते ढकलत राहिले. माथ्यावर आम्सटेटनला ते मागे राहते आणि गाडी पुढे जाते. आमच्याकडे बँकर जोडलेला असतो आणि घाट संपेपर्यंत गाडीचाच भाग असतो. पुढच्या ड्रायव्हरची शिट्टी आणि मागच्याची शिट्टी यांचा मेळ बसवत गाडी वर काढणे ही कर्जतच्या आणि कसाऱ्याच्या माणसांची पिढ्यानपिढ्यांची कला. उतरतानाही आमच्याकडची पद्धत कडक. गाडीने ठरल्या जागी थांबायचेच. न थांबली तर कॅच सायडिंगचे सांधे आधीच वर चढणाऱ्या लाइनीकडे लावलेले असतात आणि सुटलेली गाडी तिथे जाऊन थकते. या दोन पद्धतींचा फरक भाच्याला समजावून सांगेपर्यंत पुढची गाडी आली.

खेकड्याचे मॉडेल मात्र माझ्या पाहण्यात कुठल्या दुकानात आले नाही. मगरीची मॉडेले प्रत्येक मापात, प्रत्येक दशकात निघाली; तिच्या बोरघाटातल्या भावंडासाठी कोणी साचा केलेला मला दिसला नाही. याची मला मनापासून खंत आहे. म्हणून तो मी स्वतः करतो आहे, पितळी पत्रा आणि प्लॅस्टिक शीटमधून. खरे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे आणि मुंबईत सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीतही एक आहे. सीएसएमटीचे मी पुन्हा पुन्हा जाऊन पाहिले, फोटो काढले, रिव्हेटच्या ओळी मोजल्या, नाकाडाच्या झाकणांच्या बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत ते टिपून घेतले. सर्वांत मोठी अडचण रुळाची. एचओचा तयार रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, तो युरोपच्या १४३५ मिलिमीटर गेजला बरोबर बसतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा साधारण सव्वाएकोणीस. तयार रुळावर ठेवले तर आपले इंजिन अरुंद पायांचे दिसते आणि खेकड्याचा सगळा रुबाब त्याच्या रुंद ठाणात आहे. आपल्याकडचे बरेच हौशी लोक ही तडजोड करतात, कारण तयार चाके मिळतात. मी केलेली नाही. रूळ स्वतः टाकला, चाकांचे आस नवे कातले. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. हाताने, चिकाटीने आणि स्वतःच्या डोक्याने केवढे काम होऊ शकते ते पाहायचे असेल तर प्रत्येकाने तिथे जावे. मी तिथून परत आलो की माझे अडलेले काम पुढे सरकते.

रॉड झाले आहेत. आता बेअरिंगच्या जागी अर्ध्या मिलिमीटरचे तेलाचे झाकण बसवायचे आहे, ज्यात आम्ही तेलाच्या डब्याची चोच घालत असू. ते कोणाला दिसणार नाही, पण मी ते बसवणार आहे.

त्यानंतरचे काम मोठे आहे: डीसीवर काम केलेल्या माणसांच्या आठवणी टिपून घेणे. जून २०१५ मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून डीसी गेला आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरूनही, म्हणजे जिथे १९२५ ला सुरुवात झाली तिथूनही. घाटातला तर आधीच गेला होता. ज्यांनी डीसीवर डब्ल्यूसीजी-२ बँकर चालवले असे बरेच ड्रायव्हर आता सत्तरीच्या पुढे आहेत. कर्जत, लोणावळा, कसारा, इगतपुरी इथे ते राहतात. मी वही घेऊन त्यांच्याकडे जातो. विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत: जड गाडीला कुठल्या किलोमीटरला कितवा नॉच घेत होतात, बोरघाटातल्या मंकी हिलच्या पुढे ओल्या रुळावर वाळू कधी सोडत होतात, मागच्या इंजिनाचा जोर कमी पडतोय हे पुढे कशावरून कळायचे. एक जण म्हणाले, "भाऊ, ते अँमीटरमध्ये बघायच्या आधी बुडाखालच्या सीटला कळायचं." मी ते तसेच डब्ल्यूसीजी-२ च्या कार्डावर उतरवून घेतले. त्या कार्डाला दोन पाने आधीच जोडलेली आहेत. या दिवाळीनंतर इगतपुरीच्या दोघांकडे जायचे आहे, थळघाटाची बाजू अजून बरीच रिकामी आहे.